नवसाचा बोर्ड आणि बाकीचे सगळे

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से! भुसा निदान फिल्टरमध्ये अडकतो. किस्से मात्र डब्याच्या पिशवीत, ओढणीला, केसांत अडकून थेट घरापर्यंत येतात. आमचे हे विचारतात, "तू तिथं नोकरी करून राहिलीस का किस्से गोळा करून राहिलीस?" मी म्हणते, पगार नोकरीचा मिळतो, पण डोकं किस्स्यांनीच फिरतं.

कारखाना लातूर-नांदेड रोडवर. लाकडाचे तुकडे करायचे, वाफेवर शिजवायचे, दळून त्याचा कापसासारखा धागा काढायचा. त्यात गोंद मिसळायचा, पाणी शिरू नये म्हणून मेण मिसळायचं, सुकवायचं आणि त्याची जाड गादी अंथरायची. ती गादी तापलेल्या प्रेसमध्ये दाबली की निघतो फायबरबोर्ड. तुमचं टीव्हीचं कपाट, किचनची दारं, ऑफिसचं टेबल, सगळीकडं तोच बसलाय. मी लॅबमध्ये. निघालेला बोर्ड चांगला का वाईट हे सांगणं माझं काम. ते ऐकणं कुणाचंच काम नाही!

मालक म्हणजे अप्पा. आधी त्यांची डाळ मिल होती, डोकं अजून तिथंच आहे. प्रॉडक्शन सांभाळतात ते बिरादार साहेब, मूळचे उदगीरचे. आणि प्रेसवर मारोती, कंधारकडचा. हा मारोती म्हणजे तोंडाचा पट्टा. स्वतःवर एवढा खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. "प्रेस मी चालवत न्हाई मॅडम, पळवतो!" हे त्याचं रोजचं. आणि दुसरं रोजचं म्हणजे त्याची वैष्णवी. "आमच्या गावात बारावी झाली की पोरीला उजवून टाकतेत. मी न्हाई. मी तिला नांदेडला ठिवणार, शिकवणार. भावाशी भांडण झालं तरी बेहत्तर!"

ह्या वैष्णवीला ध्यानात ठेवा. पुढं जे काही सांगणार आहे त्यावर खुशाल हसा, पण आम्ही जो माल काढत होतो त्याच्याखाली शेवटी ही पोरगी झोपायला गेली.

*

मशीन बसवायला गुजरातकडून एक इंजिनिअर आला होता. बिचारा सज्जन. जाताना त्यानं अप्पांना हात जोडून सांगितलं, "सेठ, वेळेच्या आधी प्रेस उघडू नका. गरमी गादीच्या पोटापर्यंत जायला टाइम लागतो. घाई केली तर वरून पक्का दिसेल, आत गोंद कच्चा राहील."

अप्पा हसले. "साहेब, भाकर टम्म फुगली की आम्ही तव्यावरून उतरवतो. तिच्याशेजारी घड्याळ लावून बसतो का?"

"सेठ, भाकर फुगली तर चांगली. हा फुगला तर गेला."

अप्पांनी त्याला शाल दिली, गाडीत बसवलं. त्याची रेल्वे लातूर स्टेशनातून हलायच्या आत इकडं सेटिंग बदललं होतं! बदललं कुणी? मारोतीनं. बिरादार साहेब पाठीमागं उभे राहून सांगत होते आणि हा बटणं दाबत होता. संध्याकाळी मला म्हणाला, "बघा मॅडम, आज ढीग केवढा निघाला. त्या इंजिनिअरला काय कळतंय मशीन पळवणं!"

मी त्यातला एक बोर्ड कापून बघितला. मधोमध नख लावलं तर धागा निघत होता. बिरादार साहेबांना दाखवला, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कापताच कशाला? गिऱ्हाईक काय कापून बघतंय का?"

गिऱ्हाईक सुतार होता. तो दुसरं करतो काय?

*

लाकूड आमच्याकडं वजनावर घेतात. त्यामुळं सुबाभळीचा येणारा प्रत्येक ट्रॅक्टर वाटेत कुठल्यातरी हौदावर आंघोळ करून येतो. मी गेटवर ओरडते, ट्रॅक्टरवाला शपथा खातो, "पाऊस लागला मॅडम, आईची आण!" एप्रिल महिन्यात लातुरात पाऊस! आमच्याकडं प्यायला पाणी टँकरनं येतं आणि ह्यांच्या लाकडाला पाऊस लागतो.

आता ड्रायरची ताकद ठरलेली. धाग्यात ओल राहिली की प्रेसमध्ये तिची वाफ होते. प्रेस उघडला की ती वाफ बोर्डाचं पोट फाडून बाहेर येते आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज निघतो.

खंडेनवमीला मशीनची पूजा होती. पाहुणे, नातेवाईक, अप्पांच्या डाळ मिलच्या काळातले दोस्त, सगळे प्रेसजवळ दाटीवाटीनं उभे. पण पूजेसाठी म्हणून मशीन थांबवायचं नाही हा अप्पांचा हुकूम. पूजा सांगायला आलेल्या स्वामींनी मंत्र म्हटला, अप्पांनी नारळ आपटला आणि त्याच क्षणाला मारोतीनं प्रेस उघडला. धडाम! एका मावशींच्या हातातलं ताट पडलं. सगळे दोन पावलं मागं सरले. मग अप्पांनी दोन्ही हात वर केले, "शुभ शकुन! वाटा पेढे!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मारोती माझ्या कानाशी लागला, "मॅडम, आज रोजच्यापेक्षा जोरात वाजला."

ते पोटात फाटलेले बोर्ड मी बाजूला काढायला सांगितले. दुपारी बघते तर कडा कापून, घासून, गाडीत चढलेले. शकुनाचा माल म्हणे परत ठेवायचा नसतो!

*

बोर्ड चांगला का वाईट हे ओळखायची आमच्यात एक रीत आहे. बोटाचं पेर वाकवायचं आणि मधोमध वाजवायचं. चांगला बोर्ड "टण्ण" बोलतो. पोट कच्चं असलं, फाटलेलं असलं, की "भद्द". खोड अशी लागते की कुठंही गेलं तरी हात वळवळतो. मी नणंदेच्या नव्या घरी चहा यायच्या आत तिचं डायनिंग टेबल वाजवलं होतं. अजून ती ते बोलून दाखवते.

बिरादार साहेबांनी तर कमालच केली. मुलीसाठी स्थळ बघायला निलंग्याला गेले होते. मुलगा चांगला, घर चांगलं, बोलणी जमत आली. साहेब सहज उठले आणि शोकेसवर बोट वाजवलं. भद्द! मागं वाकून बघितलं, तर आमच्याच कंपनीचा निळा छाप.

"शोकेस कुठून घेतलं?"

मुलाचे वडील ताठ बसले. "इम्पोर्टेड हाय साहेब. फॉरेनचा माल."

साहेबांनी पोहे खाल्ले, हात धुतले आणि गाडीत येऊन बायकोला म्हणाले, "न्हाई द्यायची. ज्यांना माझा बोर्ड फॉरेनचा म्हणून खपला, त्यांच्या घरात पोरगी कशी टाकू?"

हे त्यांनी स्वतः सगळ्यांना हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. मारोती सगळ्यात जोरात हसला आणि लगेच आपली टेप लावली, "आमच्या वैष्णवीला असं कुणी फसवू शकत न्हाई साहेब. लहान होती तवा घरात मी तुकडे आणायचो. डोळे झाकून, एकदा वाजवून सांगायची, पप्पा हा चांगला, हा नासका. अजून एक डाव चुकली न्हाई!"

*

गोंदाचं काम रशीदभाईंकडं. गोंद नीट शिजवला तर वास कमी येतो आणि बोर्डही घट्ट धरतो. घाईत उतरवला, वर पाणी घातलं, तर बोर्ड धरत नाही आणि वास मात्र असा की डोळ्यांची आग आग होते. रशीदभाई बेजार होऊन सांगायचे, "मॅडम, ये गोंद नै, शरबत है. मैं क्या करूं, अप्पा बोले और पानी डालो."

आमचे जुने अकाउंटंट रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभ गोदामात ठेवला, कारण सावली तिथंच होती. त्याच दिवसाचा ताजा माल चारी बाजूंनी छतापर्यंत रचलेला. भाषणं सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! ड्रायव्हर रडतायत, वॉचमन रडतोय, अप्पा रुमाल लावून बसलेत. अकाउंटंटसाहेबांना कुणी वर्षानुवर्षं साधा नमस्कारही घातला नव्हता. ते एवढे भारावले की त्यांना बोलताच येईना. "तुमचं... माझ्यावर... इतकं प्रेम..."

त्यांनी तो व्हिडिओ गावभर पाठवला. दर दिवाळीला त्यांचा मला फोन येतो आणि ते म्हणतात, "मॅडम, तशी माणसं पुन्हा मिळाली नाहीत." आता ह्यांना काय सांगू?

*

आता नवसाचा बोर्ड.

झालं असं की एकदा ट्रॅक्टरवाल्यांचा काहीतरी संप झाला. नवं ओलं लाकूड येईना, म्हणून यार्डात मागं पडलेलं जुनं, खडखडीत वाळलेलं लाकूड घेतलं. अप्पा लग्नाला हैदराबादला गेलेले, त्यामुळं गोंदात पाणी घाला म्हणायला कुणी नाही. रशीदभाईंनी मनासारखा शिजवला. मेणही पुरतं पडलं. आणि नेमका पुढचा पट्टा बंद पडला, त्यामुळं प्रेसमधला माल बाहेर काढायला जागाच नाही. मारोती बटणावर बोट ठेवून शिव्या घालत बसला आणि गादी जितका वेळ दाबून राहायला हवी तितकी राहिली.

निघालेला बोर्ड मी वाजवला. टण्ण! पाण्याच्या बादलीत टाकला, दुसऱ्या दिवशी काढला, तर पठ्ठ्या फुगलाच नाही. विटांवर ठेवून वजन टाकलं. हलला नाही. मी लॅबमधून ओरडत बाहेर आले, "अहो, चांगला निघाला! सगळ्यात पास झाला!"

बिरादार साहेबांचा चेहरा पडला. "कुणाची चूक हाय ही?"

खरं सांगते, अगदी असंच विचारलं. अप्पांनी हैदराबादहून फोनवर मारोतीला झापलं, एवढा वेळ मशीन रेंगाळलंच कसं! मारोतीनं कान पकडले. पुन्हा होणार नाही म्हणाला. आणि झालंही नाही.

पण बिरादार साहेब हुशार. त्यांनी तो सगळा माल लॅबच्या कपाटात बंद करायला लावला. त्या दिवसापासून कुणीही इन्स्पेक्टर आला, कुठल्याही गिऱ्हाइकाचा माणूस आला, की त्याच्यापुढं ह्याच बोर्डाचा तुकडा. साहेब बादलीत टाका, साहेब वजन ठेवा, साहेब वाजवा! पोरं त्याला नवसाचा म्हणू लागली. दसऱ्याला मारोती त्याला हळदकुंकू लावायचा. चावी माझ्याकडं असायची. वर्षानुवर्षं मालाला पास करणारा तो एकटा, आणि बाकीचे सगळे त्याच्या नावावर गाडीत चढून जायचे.

तुकडे करून करून तो संपत आला. शेवटी एक मोठी फळी उरली, एका कॉटला पुरेल एवढी. मी म्हटलं, "साहेब, आता संपला. आणखी एकदा नीट काढू या की."

"एका फळीसाठी लाइन सावकाश चालवायची? खामखा?"

*

मग आली वसतिगृहाची ऑर्डर. नांदेडला मुलींचं एक मोठं वसतिगृह, लोखंडी कॉट, एकावर एक. त्यावर टाकायला फळ्या पाहिजेत. खरं तर अशा कामाला जाड, पक्का माल लागतो. पण कंत्राटदाराला स्वस्त पाहिजे होता, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत पाहिजे होता. अप्पा म्हणाले, होऊन जाईल. प्रेसचा वेळ आणखी कमी केला. पावसाळी हवा, लाकूड ओलं, गोंद शरबत, मेण नावाला.

मी एक फळी उचलून दोन विटांवर ठेवली, मध्ये वजन टाकलं. सुरुवातीला नुसती वाकली. मग करकर आवाज आला आणि मधोमध मोडली. मारोती तिथंच उभा होता, चहा पीत. "बाब्बौ!" म्हणाला आणि कप घेऊन गेला.

मी फेल लिहिलं, आणि लिहून थांबले नाही, फळीचे दोन तुकडे नेऊन अप्पांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "अप्पा, ह्याच्यावर पोरी झोपणार आहेत. वरची मोडली तर खालचीच्या अंगावर येईल."

अप्पांच्या आधी बिरादार साहेब बोलले, "मॅडम, पोरी काय हत्ती हायत का?"

"आणि पाणी? ओले टॉवेल टाकतात, केस धुऊन झोपतात. हा पाण्यात दुप्पट फुगतोय."

अप्पा शांतपणे म्हणाले, "मग त्यांना केस वाळवून झोपायला सांगा." आणि त्यांनी ते तुकडे उचलून खाली ठेवायला सांगितले, कारण टेबलावर चरे पडत होते.

माल वेळेच्या आधी गेला. त्याबद्दल अप्पांनी मारोतीला सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ दिलं. "ह्याला म्हणतात स्पीड!" मारोतीनं तो फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला, आठवडाभर काढला नाही.

*

जुलैत वैष्णवी नांदेडला गेली. मारोतीनं पेढे वाटले. भावानं बोलणं सोडलं होतं, पण ह्याची छाती फुगलेली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइल घेऊन सगळ्यांना दाखवत फिरू लागला. वैष्णवीनं व्हिडिओ पाठवला होता. खालच्या बेडवर आडवी पडून तिनं वरच्या बेडच्या फळीचा खालचा भाग दाखवला होता. तिथं तिनं वेळापत्रक चिकटवलं होतं, आणि शेजारी आमचा निळा छाप.

"आपला माल! पोरगी आपल्याच मालाखाली झोपती!" मारोती ओरडला. रशीदभाईंनी मान खाली घातली. मी डबा बंद केला.

दुपारी तो लॅबमध्ये आला. मागं वळून दार लोटून घेतलं.

"मॅडम, ते... विटांवर मोडला होता, त्यातलाच का?"

"त्यातलाच."

"पोरीला वरचा बेड घ्यायला सांगू का मग?"

"वरचाही त्यातलाच आहे, मारोती."

त्यानं बादलीतला फुगलेला तुकडा उचलून बघितला. मग अप्पांकडं गेला. अप्पांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, चांगलंच झालं की! कंपनी म्हंजे कुटुंबच हाय. तिला म्हणावं, अभ्यास कर."

मी वसतिगृहाच्या ऑफिसात फोन लावला. ते म्हणाले, "कॉटचं कंत्राटदाराला विचारा." कंत्राटदाराला लावला. तो म्हणाला, "फळीचं कंपनीला विचारा." मी म्हणाले, "मी कंपनीतूनच बोलतेय!" तो म्हणाला, "मग मला कशाला विचारता?" आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

मारोतीला म्हटलं, दुसरीकडं खोली बघ. तो म्हणाला, "एकटी पोरगी खोलीवर ठिवली तर घरात बायको उभं राहू देत न्हाई. आन घरी आणली तर परत पाठवायचं कोणी न्हाई मॅडम. भाऊ स्थळ घेऊन बसलाय." असा मला राग आला ना! त्याचा, अप्पांचा, माझा, त्या इंजिनिअरचासुद्धा. हात जोडून सांगण्यापेक्षा प्रेसच्या सेटिंगची चावीच सोबत घेऊन गेला असता तर बरं झालं असतं.

*

त्यानंतर एका सोमवारी इन्स्पेक्शन होतं. मोठे साहेब येणार, नवं गिऱ्हाईक आणणार. बिरादार साहेब सकाळपासून लगबगीत. त्यांनी कपाट उघडायला लावलं. कपाट रिकामं!

"मॅडम! नवसाचा कुठं गेला?"

"वाळवी लागली साहेब."

"आपल्या बोर्डाला वाळवी?"

"तो एकटाच चांगला होता ना. बाकीच्यांना तोंड लावत नाही ती."

बिरादार साहेबांनी कपाटाचे सगळे कप्पे चाचपले. तेवढ्यात गाडी आली. आता काय करायचं, म्हणून सकाळी निघालेल्या मालाचा तुकडा पुढं ठेवला. मी मनात म्हटलं, आता बघते गंमत. आता तरी कुणीतरी फेल म्हणेल आणि लाइन थांबेल. बादली भरून ठेवली. विटा मांडल्या. वजन पुसून ठेवलं.

मोठ्या साहेबांनी चहा घेतला. पेढा घेतला. तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला, म्हणाले, "फिनिशिंग छान आहे," आणि सही केली. बादलीकडं त्यांनी पाहिलंही नाही.

म्हणजे एवढी वर्षं आम्ही त्या नवसाच्या बोर्डाला जे सांभाळलं, हळदकुंकू लावलं, त्याची गरजच नव्हती! बिरादार साहेब संध्याकाळी एवढे खूश की मला म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या ती वाळवी."

*

वाळवी कुठं गेली होती ते आता सांगते. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, रविवारी.

शनिवारी मारोतीनं माझ्यापुढं हात पसरला, "मॅडम, चावी." मी दिली. त्यानं फळी चादरीत गुंडाळली. म्हणाला, "तुम्ही बी चला. मुलींचं वसतिगृह हाय, मला एकट्याला वर सोडणार न्हाईत." मी नांदेडचीच, माहेरी जायचंच होतं. गेलो. बसच्या टपावर फळी आणि खाली हा, प्रत्येक थांब्याला उतरून वर बघणारा.

वॉर्डनबाईंना आम्ही सांगितलं, कंपनीतून आलोय, एक फळी बदलायचीय. त्या खूश झाल्या. असं कुणी स्वतःहून येत नाही म्हणाल्या.

वैष्णवी धावत आली. बापासारखीच बडबडी. "पप्पा, हे काय आणलं?" मारोती चादर सोडत थेट कॉटकडं गेला. तिचा बेड खालचा. त्यानं वरच्या बेडची गादी काढली, फळी काढली. दीड महिन्यात तिला मध्ये झोळ आलेला, कडा पावासारख्या फुगलेल्या. ती त्यानं दाराबाहेर उभी केली आणि नवसाचा बोर्ड वर बसवला.

वरच्या बेडवर देगलूरची एक पोरगी झोपायची, अक्षरा. ती म्हणाली, "काका, वैष्णवी तर खाली झोपते. तुम्ही माझा कसा काय बदलला?"

मारोतीनं फळीची कड हातानं पुसली. मग म्हणाला, "तू बी लेकच की."

अक्षराचे डोळे भरून आले. तिनं डब्यातला लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो धरून ठेवला, खाल्ला नाही. मग सवयीनं पेर वाकवलं आणि नवी फळी वाजवली. टण्ण!

तेवढ्यात शेजारच्या खोल्यांतल्या पोरी दारात जमल्या होत्या. "हे काय केलं काका?" वैष्णवी ऐटीत म्हणाली, "माझे पप्पा नुसतं वाजवून सांगतात, बोर्ड चांगला का वाईट!"

झालं! "काका, आमचा वाजवा ना! आमचा बघा ना काका!" दोघींनी त्याचा हात धरला आणि नेलंच. मी मागं मागं. पहिल्या खोलीत त्यानं वाकून फळी वाजवली. भद्द.

"चांगलाय ना काका?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं खिडकीकडं.

"चांगला हाय, बाई. निवांत झोप."

पुढची खोली. भद्द. "चांगला हाय." त्याच्या पुढची. भद्द. "एकदम चांगला हाय, बाळा." पोरी हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, आधी आमचा, आधी आमचा. एक जण म्हणाली, "बघ, कंपनीचे लोक स्वतः येऊन चेक करतात!" आख्खा मजला त्यानं तसा वाजवला.

शेवटच्या खोलीत वैष्णवीही आली. आत्तापर्यंत ती अक्षराबरोबर मागं राहिली होती. मारोतीनं फळी वाजवली. भद्द. वैष्णवी हसता हसता थांबली.

"चांगलाय ना काका?" त्या खोलीतल्या पोरीनं विचारलं.

मारोतीनं फळीवरचा हात काढून घेतला. पोरीनं पुन्हा विचारलं, "काका?"

वैष्णवी पुढं आली. तिनं पेर वाकवलं आणि स्वतः एकदा वाजवून बघितलं. मग बापाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली होती, हातात तो लाडू तसाच.

वैष्णवी त्या पोरीकडं वळली आणि म्हणाली, "हो गं, चांगलाय."